बाबांच्या कानासाठी व्हॉल्यूमचं बटण

गिटारच्या पेडलमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या छोट्या डबीत, व्हॉल्यूमच्या बटणाखाली लॉग पॉट लावावा, हे मला पाठ आहे. फावल्या वेळात पेडल बनवायचा छंदच आहे माझा. आवाज दुप्पट केला म्हणून कानाला दुप्पट वाटत नाही. लॉग पॉट आवाज आधी हळूहळू वाढवतो आणि शेवटी झपाट्याने, म्हणून बटण फिरवताना आवाज एकसारखा चढल्यासारखा वाटतो. जबलपूरच्या बाजारात तो पटकन मिळत नाही. दुकानदार म्हणाला, कोई माँगता ही नहीं. मी बाहेरून मागवला, कारण पेडल बाबांसाठी होता.

बाबा मांडीवर आडवी धरून हवाईयन गिटार वाजवतात. डिफेन्स फॅक्टरीत धडधडत्या प्रेस-मशीनवर वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान गेले. कानाच्या मशीनला ते हात लावत नाहीत. म्हणून मी गिटारचा आवाज वाढवून हेडफोनमध्ये देणारा पेडल केला. त्यांना त्यांची गिटार ऐकू यावी, बाकी जग गेलं खड्ड्यात.

पहिल्या दिवशी त्यांनी बटण अर्ध्यापर्यंत नेलं. काहीच नाही. आणखी थोडं फिरवलं आणि एकदम हेडफोन ओरबाडून काढला. त्यांच्या कानाला आता हळू ऐकूच येत नाही, आणि ऐकू येतं तेव्हा टोचतं. मधली जागा चिंचोळी उरलेली, आणि माझ्या लॉग पॉटने ती अगदी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली होती.

"अर्धं फिरवलं तर अर्धा आवाज पायजे," ते म्हणाले. "मशीन असंच असते."

मी नियम माहीत असलेली शहाणी, मनातून चिडले. तरी साधा लिनिअर पॉट लावला, बटण फिरेल तेवढाच आवाज वाढवणारा. तोच बरा निघाला. त्या संध्याकाळी वाजवता वाजवता ते जेवायलाही उठले नाहीत. आईने दोनदा ताट झाकलं.

मग म्हणाले, वरचे सूर मळके येतात. मी शंभर के, म्हणजे शंभर किलो-ओहमचा पॉट काढून पाचशे केचा लावला; गिटारवर लहान पॉटचा भार पडला की वरचे सूर आधी मरतात. मला सूर लख्ख ऐकू आले. त्यांना नाही. मग त्याच्याही दुप्पट, एक मेगचा लावून पाहिला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण मी सोल्डरिंग करतच राहिले, कारण ते थांबवणं म्हणजे मान्य करणं होतं.

"काहून एवढी धडपड करून राहिली, बेटा?" ते म्हणाले. मी पुढचा जोड तापवायला घेतला. काही बोलले असते तरी त्यांच्या कानापर्यंत पोचलं नसतं.

गेल्या रविवारी चहा घेऊन गेले तर ते डोळे मिटून वाजवत होते. कानांवर हेडफोन, बटण बरोबर मध्यावर. मला पाहून हसले.

"आता जमलं. पहिल्यासारखं वाजून राहिलं."

मला रडूच आलं. कप ठेवायला वाकले तेव्हा दिसलं, गिटारची वायर पेडलला लावलेलीच नव्हती. तिचं टोक चादरीवर पडलं होतं.

ते मला बरं वाटावं म्हणून बोलले, की त्यांना आत कुठेतरी खरंच ऐकू येत होतं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. मी बटणाकडे बोट करून खुणेने विचारलं, वाढवू?

"नको," बाबा म्हणाले. "एवढाच ठीक आहे."