पोर्ट ऑफ स्पेनला नेलेला नारळ

त्रिनिदादला नारळ घेऊन जाणारा माणूस मीच. विमानतळावरच्या कस्टमवाल्या बाईने तो माझ्या बॅगेतून काढला, वर धरला आणि शेजारच्याला हाक मारली, "बघ रे, अंकलनी आपल्यासाठी नारळ आणलाय!" सगळी रांग हसली. मीही हसलो असतो, पण तिने तो ठेवून घेतला.

नारळ बायकोने सांगितलेला. ब्रिस्टलला हॉस्पिटलच्या लाँड्रीत हिच्या जोडीला एक त्रिनिदादची बाई होती. वीस वर्षं दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरून घड्या घातल्या. रिटायर होऊन ती पोर्ट ऑफ स्पेनला गेली आणि दर ख्रिसमसला फोन करून "कधी येताय?" म्हणायची. नव्वद सालच्या सुमारास आम्ही तिकिटं काढली, आणि हिचं दुखणं निघालं.

"तुम्ही जा," ही हॉस्पिटलात म्हणाली. "आणि माझ्या हातची म्हणून तिची ओटी भरा. खण कपाटात आहे."

"अगं, ते बायकांचं काम."

"मग न्या ना बायकोला बरोबर," म्हणाली आणि हसली.

पंधरा दिवसांनी गेली. मी खण बॅगेत टाकला आणि निघालो.

शहर म्हणजे काय शहर! ब्रिस्टलच्या बसमध्ये चाळीस माणसं असली तरी टायरचा आवाज ऐकू येतो. इथे टॅक्सीत गाणं एवढं मोठं की बसायची सीट हलते, आणि त्याच्याही वरताण एक म्हातारी ड्रायव्हरला ओरडते, "हळू चालव, मला मरायची घाई नाही!"

"टँटी, तुला वर कोण ठेवून घेणार?"

सगळी टॅक्सी हसली, म्हातारी सगळ्यात जास्त. टँटी म्हणजे मावशी. मला तर वाटेत दिसेल तो अंकल म्हणायचा. रस्त्यावर दोन मऊ पुऱ्यांत छोले घालून देतात, त्याला डबल्स म्हणतात. पहिल्या दिवशी दोन खाल्ले, दुसऱ्या दिवशी चार. संध्याकाळी उघड्या अंगणात म्हातारे-पोरं तेलाची पिंपं वाजवत. मी तीस वर्षं फॅक्टरीत पत्रा ठोकला, एकदाही सूर निघाला नाही. इथे निघतो. हिला दाखवायला हवं होतं, असं दर तासाला वाटायचं.

हिच्या मैत्रिणीकडेच उतरलो होतो, पण ओटीचं मात्र रोज उद्यावर ढकलत होतो. निघायच्या आदल्या दिवशी शहरातल्या मोठ्या मैदानावर गेलो. कडेने शहाळेवाले उभे असतात.

"शेंडीवाला सुका नारळ दे."

"पाणी नको?"

"नको."

"मग अंकल, नारळ हवाय कशाला?"

"बायकोने सांगितलंय."

"असं सांग ना!" त्याने गाडीमागून एक जुना नारळ शोधला, कोयत्याने सोलला आणि मी बोटाने दाखवली तेवढी शेंडी राखली.

घरी येऊन ताटात खण, तांदूळ, नारळ मांडला. मैत्रीण विधवा. आमच्याकडे विधवेची ओटी भरत नाहीत, आणि पुरुष तर कुणाचीच भरत नाही. कसं सांगावं म्हणून ताट धरून उभा राहिलो. तिने ताटाकडे पाहिलं, डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी एप्रन पुढे धरला.

"बघतोस काय? ओंजळीने घाल. पाच वेळा."

ती ब्रिस्टल सोडून निघाली तेव्हा हिने आमच्या स्वयंपाकघरात तिची ओटी भरली होती. तेव्हाही ती विधवाच होती. हिने कुणाला विचारलं नाही. मी बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होतो.

पाच वेळा ओंजळ घातली, थोडे तांदूळ फरशीवर सांडले. खण आणि नारळ ठेवला. मग तिने एप्रनमधून चिमूटभर दाणे उचलून माझ्या हातावर ठेवले. "एवढे परत द्यायचे असतात. तिनेच शिकवलं."

दाणे मी शर्टाच्या खिशात घातले. हीथ्रोला कस्टमवाल्याने विचारलं, खायचं काही आणलंय का. नाही म्हणालो.