बार्बाने अडवून धरलेला क्रूस

बार्बा तुआल माझी शेजारीण. आमच्या बेटावर पुरुष समुद्रावर आणि बायका शेतात असा रिवाज, त्यामुळे लग्नाची मागणीही बाईच घालते. बार्बा खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घेऊन गुलवेनच्या घरी गेली. मुलाने तो खाल्ला की होकार समजायचा. ती बसायच्या आत गुलवेनने तुकडा फस्त केला आणि वर विचारलं, "अजून आहे का?" त्याची आई उर्सुल कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरी, तुला नवरा नाही, बकासुर मिळतोय. अजून वेळ गेलेली नाही, बघ!" बार्बा हसली आणि त्या घरची झाली.

चौदा सालच्या ऑगस्टात आम्ही जव कापत होतो आणि देवळाची घंटा वाजायला लागली. आमच्याकडे अवेळी घंटा म्हणजे खडकावर जहाज आपटलं. विळे टाकले, दोर आणि घोंगड्या उचलल्या आणि सगळ्या बायका कड्याकडे धावल्या. समुद्र अगदी शांत. खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन बार्बा विचारतेय, "कुठंय गं जहाज, फांतिग?"

"पाद्रीबाबांना चढली असेल," मी म्हटलं, आणि आम्ही पोट धरून हसलो.

तेवढ्यात दवंडीवाला ढोल बडवत आला. लढाई! दूरच्या कुठल्या तरी राजपुत्राला कुणी तरी गोळी घातली, एका राजाने दुसऱ्याला दम दिला, दुसऱ्याच्या मदतीला तिसरा धावला आणि भोगायला आम्ही. कुणाच्या बापाचं काय गेलं होतं, ते मला आजही कळलेलं नाही. दोर गुंडाळून आम्ही घरी आलो.

आता क्रूसाबद्दल सांगते. आमचा माणूस समुद्रात गेला आणि देह मिळाला नाही, तर त्याच्या जागी तळहाताएवढा मेणाचा क्रूस करतात. संध्याकाळी त्याचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात धरलेला माणूस, येऊन घराच्या खिडकीवर काठीने तीनदा ठोकतो आणि म्हणतो, "पोरी, आज तुझ्याकडे प्रोएला आहे." प्रोएला म्हणजे त्याचा जागर. मग क्रूस टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवायचा, लोकांनी त्याच्याभोवती बसून प्रार्थना करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला रीतसर देवळात न्यायचं. तोवर त्या जिवाला घर सापडत नाही.

गुलवेनचा धर्मपिता म्हणजे उर्सुलचा भाऊ, पेरिगमामा. धक्क्यावर निरोप घेताना गुलवेन बायकोला म्हणाला, "मामा खिडकीशी आला तर हाकलून दे. मी दारानं येईन." थट्टाच होती. पण बार्बाने ती गाठीशी बांधली.

आमच्या खलाशांच्या हातात बंदुका देऊन सरकारने त्यांना बेल्जियमच्या चिखलात उतरवलं. दिक्समूद नावाच्या गावाशी ते लढले. हिवाळ्यात महापौर घरी येऊन सांगून गेले, गुलवेन बेपत्ता आहे. त्याच आठवड्यात पेरिगमामा काठी घेऊन आला. बार्बा आधीच दारात उभी.

"मामा, काठी कोपऱ्यात ठेवा आणि कॉफी प्या."

"पोरी, मला काय हौस आहे का?"

"क्रूस समुद्राचा आहे. माझा नवरा जमिनीवर आहे. जमिनीवर माणूस हरवतो आणि सापडतो."

पाद्रीबाबांनीही मान डोलावली. नियम तसाच होता. पण उर्सुलला नियमाशी काय देणंघेणं? ती म्हणाली, "अगं, तो तिकडं चिखलात भटकतोय. त्याला घरी येऊ दे."

"येईल की, आई. स्वतःच्या पायांनी येईल."

त्यानंतर दोघी चार वर्षं एका टेबलाशी जेवल्या आणि हाच एक विषय सोडून सगळं बोलल्या. लढाई पसरत गेली. पाण्याखालच्या बोटी आमची गलबतं बुडवायला लागल्या आणि इतक्या घरांच्या खिडक्या ठोकल्या गेल्या की क्रूसाला मेण पुरेना. माझ्या भावाचाही क्रूस झाला. उर्सुल प्रत्येकाच्या घरी जाऊन बसायची. परत आली की आपलं टेबल पुसायची. बार्बा बघायची आणि बटाटे सोलत राहायची. मला कधी तिची दया यायची, कधी तिच्या दोन मुस्काटात द्याव्यात असं वाटायचं.

अठरा साली साथीच्या तापाने उर्सुल अंथरुणाला खिळली. मी उशाशी होते. तिने सुनेचा हात धरला. "मी जायच्या आत एकदा पांढरं कापड घाल गं."

"आई, लढाई संपत आलीय. कैदी सुटतील. थोडं थांबा ना."

म्हातारी थांबली नाही. तिला पुरलं आणि आठवड्याच्या आत तहाची घंटा वाजली. बार्बाने घराला चुना लावला, नवऱ्याचे सदरे उन्हात घातले. ब्रेस्त बंदरातून आगबोट आली की ती धक्क्यावर हजर. कैदी उतरायचे, आपापल्या बायकांच्या गळ्यात पडायचे, आणि ही रिकामी परत यायची.

वसंतात एका हाताने थोटा झालेला एक खलाशी तिचं घर विचारत आला. तो गुलवेनच्या शेजारी लढला होता आणि आता कुठे कैदेतून सुटला होता. त्याने खाली बघत सांगितलं, "वहिनी, त्याच्या मांडीत गोळी लागली. जर्मनांना अडवायला समुद्राची दारं उघडून सगळं रान बुडवलं होतं. आम्ही माघारी निघालो तेव्हा तो बांधावरून घसरून पाण्यात गेला. माझा हा हात तुटलेला. मला ओढता आलं नाही."

बार्बाने एकच विचारलं, "पाणी खारट होतं?"

"खारटच. तहानेनं जीव जायचा, पण पिता यायचं नाही."

ती उठली, त्याला मटण वाढलं, तो जेवेपर्यंत समोर बसली. मग शाल घेऊन थेट पेरिगमामाकडे गेली. "मामा, आज संध्याकाळी या," एवढंच म्हणाली.

मामा आला. त्याच्या ठोक्यात जोर नव्हता, पण ऐकू आलं. टेबलावर कापड पडलं. बार्बा रडली नाही. शेजारची उर्सुलची रिकामी खुर्ची मात्र तिने कुणाला घेऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मामा क्रूस घेऊन पुढे आणि आम्ही सगळे मागे. दफनभूमीपाशी बार्बाने मामाच्या हातातून क्रूस काढून घेतला. असं कुणी करत नाही. पाद्रीबाबा "अहो, अहो" करत राहिले. ती उर्सुलच्या थडग्याशी गेली, गुडघे टेकले आणि तो मेणाचा क्रूस मातीवर ठेवला.

"आई, घ्या. तुमचा लेक आणलाय," ती म्हणाली. "तो कधीचाच निघाला होता हो. मीच त्याला वाटेत अडवला."

आणि मग तिला असं रडू फुटलं की मामाला तिला उठवता येईना. आम्ही तिथेच उभे राहिलो. पाद्रीबाबाही थांबले.