सिसिलिया टीचरांच्या नावाची पाटी

शाळा सुटली की सिसिलिया टीचर फाटकाशी उभ्या राहायच्या आणि प्रत्येक मुलीची पाण्याची बाटली हातात घेऊन उचलून बघायच्या. हलकी लागली तर, "जा घरी." जड लागली तर कपाळावर आठी. "सकाळी आईने भरली तशीच परत नेतेस गो? शोभेला आणतेस काय पाणी?" माझी बाटली पाचवीपासून दहावीपर्यंत जडच राहिली. "घरी जाऊन पिते, टीचर," हे माझं ठरलेलं उत्तर. खरं कारण त्यांना माहीत होतं. मुलुंडच्या आमच्या शाळेत, चर्चमागच्या मराठी माध्यमाच्या इमारतीत, मुलींसाठी दोनच संडास होते. एकाला कडी नव्हती, दुसऱ्यात पाणी नव्हतं. आम्ही दिवसभर तहान दाबून बसायचो.

टीचर गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम हाती घेतलं: माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या मिळवून मुलींसाठी नवे संडास बांधायचे. फादर म्हणाले, "पैसे तुम्ही जमवा, जागा मी देतो." मग टीचरांचे फोन सुरू झाले. नमस्कार-चमत्कार नाहीत. मला थेट, "सावंत, नोकरी चालू आहे ना? मग ऐक." कोणी शाळेबद्दल गहिवरून बोलायला लागलं की म्हणायच्या, "आठवणी नंतर काढ, आधी चेक काढ."

नाही कोणीच म्हटलं नाही, हाच खरा वैताग. आमच्या वर्गातला परब आता बिल्डर झालाय. तो म्हणाला, "टीचर, बाबांच्या स्मरणार्थ देतो ना. पण संडासावर बाबांचं नाव कसं लावू?" त्याने बाकं दिली. दुसऱ्याने आईच्या नावाने पाण्याचा कूलर दिला. काय उपयोग, सांगा! बाकीच्यांनी भिंतीवरची घड्याळं दिली. शाळेत आज इतकी घड्याळं आहेत की दोन वर्गांत वेळ जुळत नाही, आणि प्रत्येकाखाली कोणी ना कोणी स्वर्गवासी. संडास मात्र कोणाच्याच वडिलांना नको होता.

मी गावठाणातल्या त्यांच्या घरी गेले तेव्हा टीचर भडकलेल्या होत्या. "परबचा बाप जिवंत असताना जात नव्हता काय गो?" मला हसू आलं, त्यांना आलं नाही. त्यांनी वहीचं पान फाडलं आणि फळ्यावरच्या त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'मुलींचे स्वच्छतागृह. सिसिलिया टीचर यांच्या स्मरणार्थ.' खाली सही केली.

"मी गेले की सगळे रडतील, पैसे पण देतील. तेव्हा हे दाखव. माझ्या नावाला तरी नाही म्हणायचे नाहीत."

गेल्या वर्षी नाताळाच्या आधी टीचर गेल्या. त्यांचा हिशेब अर्धा बरोबर आला. आठवड्याच्या आत हवे तेवढे पैसे जमले. मी त्या पानाचा फोटो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला.

परबने लगेच लिहिलं, "यार सावंत, शोभतं का हे? टीचर देवासारख्या होत्या. त्यांचं नाव टॉयलेटवर?" त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. मी लिहिलं, "अरे, त्यांची स्वतःची इच्छा होती." कोणीतरी म्हणालं, "इच्छा वेगळी, मान वेगळा. विषय संपला." या लोकांचा मला संताप येतो, पण माझा स्वतःचा त्याहून जास्त येतो. ऑफिसात मी एकेका शब्दावरून भांडते. इथे वाईटपणा नको म्हणून फोन उलटा ठेवला आणि कुकर लावायला गेले.

त्या पैशांतून शाळेला नवं स्टेज मिळालं. काळ्या संगमरवरावर सोनेरी अक्षरात टीचरांचं नाव आहे. मागच्या महिन्यात उद्घाटन झालं, परबचं भाषण झालं, त्याचे डोळे खरोखर पाणावले. मीही टाळ्या वाजवल्या. टीचरांचं ते पान माझ्या पर्समध्ये घडी करून ठेवलेलं होतं.

कार्यक्रम संपला तेव्हाच शाळा सुटली. मी फाटकाशी उभी होते. सहावी-सातवीतली एक मुलगी बुटाची लेस बांधायला माझ्याजवळ वाकली, आणि तिच्या दप्तरातून पाण्याची बाटली खाली पडली. मी ती उचलली. काठोकाठ भरलेली होती.

"पाणी नाही प्यायलीस गं?" मी विचारलं.

तिने माझ्या हातातून बाटली घेतली.

"घरी जाऊन पिते," ती म्हणाली.