गुळावरची खूण

मला संशय घ्यायची खोड आहे, ती मी कधी लपवली नाही. अप्पांची साखर वाढायला लागली तेव्हा पहिला संशय मी अप्पांवरच घेतला. जळकोटला आमचं किराणा दुकान. गल्ल्यावर अप्पा, आणि हाताच्या अंतरावर गुळाची ढेप. घरातलं साखर तपासायचं यंत्र रोज सकाळी चढाच आकडा दाखवायचं. त्या आकड्यांवरून डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. मी ढेपेवर सुरीनं खूण करून ठेवली.

अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून सांगितलं, "शपथ घेतो, गोड तोंडात घातलं न्हाई." मी यंत्राकडं बोट दाखवलं. यंत्र कशाला खोटं बोलेल?

मग त्यांना दरदरून घाम सुटायला लागला, हात थरथरायला लागले. एकदा म्हणाले, "गुळाचा खडा दे रे, लई कसंतरी होऊन राहिलं."

"बघ, सापडला चोर," मी आईला म्हणालो. खडा दिला नाही.

त्याच आठवड्यात लातूरच्या औषध दुकानातून फोन आला. यंत्राच्या पाठीवरचा नंबर सांगा म्हणे, कंपनीनं काही यंत्रं परत मागवलीत. फोनवर नंबर मागणारा म्हणजे भामटा, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी चार शिव्या हासडून फोन ठेवला. पुन्हा आला. "मालक, बँकेचा न्हाई, यंत्राचा नंबर मागून राहिलो. बिलावर तुमचा फोन हाय म्हणून तुम्हाला."

तरी पटेना. त्याचं पितळ उघडं पाडायचं म्हणून यंत्र घेतलं आणि एसटीनं लातूर गाठलं.

दुकानदारानं शांतपणे कंपनीचं पत्र समोर ठेवलं. खाली नंबरांची यादी होती. ही यंत्रं असते त्यापेक्षा जास्त साखर दाखवतात, वापर थांबवा, जुनं द्या, नवं घ्या. आमचं यंत्र पालथं केलं तर नंबरच दिसेना. दसऱ्याला आईनं दुकानातल्या तराजूबरोबर त्याचीही पूजा केली होती, आणि काच खराब होऊ नये म्हणून हळदकुंकू पाठीवर लावलं होतं. दुकानदारानं ओल्या बोळ्यानं पुसलं. नंबर यादीत होता.

तिथूनच आईला फोन केला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन देऊ नको म्हणालो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

घरी पोचलो तर अप्पा घामानं भिजलेले. नव्या यंत्रावर आकडा पार खाली. डॉक्टर फोनवर म्हणाले, आधी काहीतरी गोड द्या. मी धावत जाऊन ढेपेचा खडा फोडून आणला आणि अप्पांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो धरला. तोंडात टाकायच्या आधी माझ्याकडं बघून म्हणाले, "जा, आधी खूण बघून ये."