माफीच्या वेळी आलेले पाहुणे

नाताळ हा पश्चात्तापाचा सण आहे, असं बीदरजवळच्या आमच्या गावच्या चर्चमध्ये दरवर्षी सांगतात. फुग्यांच्या रबराचा वास आला की मला तिथला एक नाताळ आठवतो. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी भांडणाऱ्यांनी सगळ्यांसमोर माफी मागायची, ही तिथली रीत. एक म्हातारा उठून थोरल्या भावाला म्हणाला, “अण्णा, बांधाच्या खटल्यात मी खोटी साक्ष दिलो. माफी मागायलोय.” थोरला वळला. “इतकी वर्षं गप होतास, आज कामून सांगायलास?” धाकटा उत्तर देणार, तेवढ्यात चर्चचे पाळक माइकवर ओरडले, “काका, बसा की! आमदार यायलेत, तुमचं नंतर बघू.” हुमनाबादचा बँड कडाडला. धाकटा खाली बसला. आमदारांनी फुग्यांच्या कमानीखाली केक कापला, पाळकांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मी वाजवल्या नाहीत. माझा राग अजून तसाच आहे. ते दोघे भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पुढच्या निवडणुकीत आमदारांचं डिपॉझिट जप्त झालं.