सरांपुढे वाचलेला कागद

नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानाच्या वर माझा रशियनचा वर्ग भरतो. जिना चढताना कोऱ्या कापडाचा वास, वर पंधरा खुर्च्या आणि एक फळा. पहिल्या तासाला मी गेली तीस वर्षं तेच सांगत आलोय. अक्षरं तेहतीस, बरीचशी ग्रीकांकडून आलेली. भाषा आपल्या लांबच्या नात्यातली: दोन म्हणजे द्वा, तीन म्हणजे त्री, भाऊ म्हणजे ब्रात, जिवंत म्हणजे झीव. विभक्तीही आहे, त्यामुळे शाळेत ज्यांनी ती घोकली त्यांचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. समोरची पोरं डॉक्टर व्हायला तिकडे निघालेली असतात. परीक्षा झाली की त्यांना भाषेशी देणंघेणं नसतं. मला त्यांचा राग येतो आणि मी तो लपवत नाही.

माझा एक नियम होता. भाषांतर करून द्यायचं नाही. कुणी कागद पुढे केला की मी म्हणायचो, मी मास्तर आहे, हमाल नाही, तूच वाच. हे वाक्य मला फार आवडायचं.

दीड वर्षापूर्वी एक वेल्डर वर्गात आला. चौतिशीचा, हातांवर भाजल्याचे डाग. कळमेश्वरच्या कारखान्यातून काम सुटलेलं, आणि एका एजंटने रशियात वेल्डिंगचं काम कबूल केलेलं. दर रविवारी बसने यायचा. "बोलता आलं पाहिजे जी मले, नाही तं तिथं कोणीबी गंडवते," म्हणायचा. दुरेघी वहीत अक्षरं गिरवायचा. त्या सगळ्या पोरांत मन लावून शिकणारा तो एकटाच, आणि माझा लाडका.

जायच्या आधीच्या रविवारी त्याने खिशातून कागद काढला. एजंटने दिलेला करार, आठ दिवसांनी निघायचं होतं. "सर, काय लिहून आहे, सांगा ना जी."

"तूच वाच," मी म्हणालो.

तो उभा राहिला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागला. एका शब्दाशी अडखळला: वोयेन्नोय. मी खुर्चीतूनच म्हणालो, "जोर मधल्या भागावर. पहिला ओ नाही, आ. वायेन्नाय." त्याने तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. पान संपलं. मी शाब्बास म्हणालो. जिन्यावर पुढची बॅच खोळंबली होती. त्याने कागदाची घडी घातली, माझ्या पाया पडला आणि गेला.

आठ महिन्यांनी त्याची बायको आली. खुर्चीच्या अगदी कडेला बसली. "तिथं वेल्डिंग-गिल्डिंग काही नाही जी. बंदूक दिली त्यायले, खंदक खणून राहिले म्हणत होते. दोन महिने झाले, फोनच नाही." तिने सगळ्या कचेऱ्या पालथ्या घातल्या होत्या. सही तुमच्या माणसाचीच आहे, म्हणून सगळीकडून वाटेला लावलं होतं. तिच्याकडे तिकडचा एक नंबर होता. कुणीतरी उचलायचं, रशियनमध्ये काहीतरी बोलायचं आणि ठेवून द्यायचं. तिला एवढंच विचारायला शिकायचं होतं: ते जिवंत आहेत का?

मग तिने मोबाइलवर कराराचा फोटो दाखवला. इतका पुसट की मोबाइलला त्याचं भाषांतर जमेना. "हे म्हणत होते, सरांपुढे वाचला कागद. म्हणून मी बी निश्चिंत होती. काय लिहून आहे जी याच्यात?"

मी म्हणालो, "अक्षरं शिका. मग तुम्हालाच वाचता येईल."

भेकड माणसाला नियम फार उपयोगी पडतो.

ती शिकली. सक्करदऱ्याला भावाकडे राहून रोज येऊ लागली. महिनाभरात अक्षरं झाली. एका दुपारी वर्ग सुटल्यावर तिने तो फोटो मोठा करून मोबाइल टेबलावर ठेवला आणि बोट लावून वाचायला लागली. त्याच शब्दाशी अडखळली. वोयेन्नोय.

या वेळी मी उच्चार सुधारला नाही. "याचा अर्थ लष्करी," मी म्हणालो. "हा लष्करी सेवेचा करार आहे. तसं स्पष्ट लिहिलंय."

तिने तो शब्द बोटांनी आणखी मोठा केला. "यांनी तुमच्यापुढं वाचला, तेव्हा तुमाले समजलं नव्हतं का?"

आपलं लक्ष फक्त उच्चारांकडे होतं, असं मी तोवर स्वतःला सांगत आलो होतो. ते खोटं होतं. पहिल्याच ओळीला मला कळलं होतं. फौजेच्या कारखान्यातही वेल्डर लागतच असतील, असं मनाशी म्हटलं. आपण बरं, आपलं काम बरं. शिवाय तो फार सुंदर वाचत होता.

"समजलं होतं," मी म्हणालो.

"मंग काहून नाही सांगतलं जी?"

मी फळा पुसायला लागलो. ती उठून जाईल असं वाटलं, जावं असंही वाटलं. पण नागपुरात ही भाषा शिकवणारं तिला दुसरं कोण माहीत होतं? तिने पदराने डोळे पुसले आणि वही उघडली.

"ते जिवंत आहेत का, हे पुन्हा एकदा सांगा," ती म्हणाली. "बोलतानी चुकाले नको."

मी सांगितलं. तिने तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. शाब्बास म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.