मावशीचे बारा सेकंद

लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग मी पनवेलमध्ये घरातूनच करून देत असे. नवऱ्याची नोकरी फिरतीची, मुलगी लहान, त्यामुळे बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर हाच माझा कारखाना. कॅमेरावाले टेपा आणून टाकायचे. मी मंगलाष्टकांवर फुलांचे इफेक्ट टाकायचे, नवरा-नवरीला बदामाच्या आकारात बसवायचे आणि डीव्हीडी करून द्यायचे. चार-पाच वर्षांत इतकी लग्नं पाहिली की बाजारात एखादी बाई ओळखीची वाटली तर ती मैत्रीण आहे की कुणाची नवरी, हे आठवेना.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची ही गोष्ट. शेजारच्या भाभींच्या नवऱ्याने कुवेतहून एक छोटा डिजिटल कॅमेरा आणला होता. ते परत गेल्यावर तो कपाटात पडून होता. एक दिवस भाभींनी तो माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा, तुझ्याच कामाचा. इथे बेकार पडलाय." त्या कॅमेऱ्यामुळे मला स्वप्न पडू लागलं. रीळ नको, लॅब नको, स्टुडिओ नको. कॅमेरा हातात, एडिटिंग घरात. मग सिनेमा का करू नये?

गोष्ट मला माझ्या मासळीवालीने दिली. ती मोरा बंदरावरून पहाटे टेम्पोने निघून पनवेलच्या मच्छी मार्केटात येऊन बसायची. पन्नाशीच्या पुढची, आवाज असा की चार टोपल्यांपलीकडचं गिऱ्हाईक वळून बघेल. मी तिला मावशी म्हणायचे. सिनेमात काम करशील का विचारल्यावर ती इतकी हसली की कोलंबी मोजायची विसरली. पण पुढच्या रविवारी मी मोऱ्याच्या धक्क्यावर उतरले तेव्हा ती नवं लुगडं नेसून तयार होती.

चाळीस मिनिटांचा सिनेमा होता. खाडीत भराव पडतो, मासळी आटते आणि एक कोळीण सरकारी कचेरीत खेपा घालते, एवढीच गोष्ट. गावातलेच लोक, गावातलीच बोली. आठ रविवारांत आम्ही तो उरकला. शेवटच्या रविवारी कचेरीच्या पायरीवरचा प्रसंग होता. मावशीने फक्त "उद्या येते" म्हणून उठायचं होतं. ती उठली नाही. पदर तोंडाशी धरून ती बोलू लागली, आणि ते मी लिहिलेलं नव्हतं.

"बोट आली, तिगं आलं, माजा मानूस नाय आला. हे म्हनतान मेल्याचा कागद आन. मी कुनाला ईचारू? समिंदराला ईचारू? सांगा, मी कुनाला ईचारू?"

तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी समुद्रात गेला होता. प्रेत मिळालं नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नव्हता, आणि दाखला नव्हता म्हणून घरही तिच्या नावावर होत नव्हतं. हे मला ऐकून माहीत होतं. पण ते तिच्या आत असं साचलेलं असेल, याची कल्पना नव्हती. मी कॅमेरा थांबवला नाही. खरं सांगायचं तर मी श्वास रोखून उभी होते, कारण ते फार चांगलं येत होतं.

नंतर ती तोंड धुऊन आली. मी विचारलं, "मावशी, हे ठेवू का सिनेमात?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आपलीच मानसं बघतीन ना."

आधी खरोखरच आपल्याच माणसांनी पाहिलं. मोऱ्यात देवळाच्या मंडपात संध्याकाळी पांढरी चादर लावून आम्ही सिनेमा दाखवला. त्या प्रसंगाला बायका एकमेकींचे हात धरून रडल्या. कुणीतरी मावशीच्या पायाशी नारळ ठेवला. त्या संध्याकाळइतकी मी कधी सुखात नव्हते.

तिथेच थांबायला हवं होतं. पण सिनेमा केला की तो लोकांपर्यंत जावा असं वाटतंच. थिएटरचे मॅनेजर म्हणाले, आता आमच्याकडे सिनेमा थेट उपग्रहावरून येतो, तुमची टेप आम्ही लावायची कशावर? मग कुणीतरी मुंबईतल्या एका शेठकडे पाठवलं. आगरी-कोळी गाण्यांच्या व्हीसीडी काढण्यात त्याचा जम बसलेला होता. त्याने सिनेमा पुढे पळवत पाच मिनिटांत पाहिला आणि चार पानांचा कागद पुढे सरकवला. "सगळीकडे पोचवतो ताई. अलिबागपासून ठाण्यापर्यंत." कागद इंग्रजीत होता. मला इंग्रजी वाचता येत होतं. मी वाचला नाही, नुसती सही केली. मला घाई होती.

महिन्याभरात पनवेलच्या एसटी स्टँडबाहेरच्या हातगाडीवर मावशीचा चेहरा छापलेली व्हीसीडी लटकली. मी मुलीला मुद्दाम तिकडून न्यायचे.

दोनेक वर्षं गेली. व्हीसीडीच्या हातगाड्या कमी होत गेल्या आणि मोबाइलमध्ये गाणी भरून देणाऱ्या टपऱ्या वाढल्या. एका लग्नात कॅमेरावाला आजारी पडला म्हणून शूटिंगला मलाच जावं लागलं. भर दुपारी वरात निघाली. डीजेच्या टेम्पोवर ढोल-ताशाचा ठेका सुरू झाला आणि त्या ठेक्यावर एका बाईचा आवाज आला. "मी कुनाला ईचारू, मी कुनाला ईचारू, स-स-समिंदराला ईचारू." पोरं ओरडली. काहींनी रुमाल तोंडाशी धरून पदर धरल्याचं सोंग केलं आणि रडल्यासारखी नाचू लागली. नवऱ्याचा मामाही नाचला. तिचा हुंदका तेवढा वेगळा काढून त्याचाच ताल केला होता.

मी कॅमेरा खांद्यावर घेऊन उभी होते. बंद करता येत नव्हता. पार्टीने वरात पूर्ण हवी म्हणून बजावलं होतं. नवरीचा भाऊ जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, हा डान्स चांगला घ्या हां." मी घेतला. आठवड्याने घरी बसून तो कापला, आवाज सारखा केला आणि डीव्हीडी करून दिली. त्या मोसमात तसे आणखी सात-आठ व्हिडिओ माझ्याच टेबलावर आले. प्रत्येकात ती होती. कानाला हेडफोन लावून मी तिचं रडणं ठेक्यात बसवत होते, आणि हे काम नाकारलं तर उद्यापासून टेपा दुसरीकडे जातील हेही मला कळत होतं.

मार्केटात जायचं मी टाळू लागले. दुसऱ्या गल्लीतून सुकी मासळी आणायचे. शेवटी तीच घरी आली. टोपली दाराबाहेर ठेवली, आत येऊन जमिनीवर बसली. खुर्ची दिली ती घेतली नाही.

"बाय, त्ये बंद कर," ती म्हणाली. "मानसं येतान, भाव नाय ईचारत, त्येच म्हनतान. मोबाइल काढून माज्यासमोर वाजवतान. परवा एक पोरगी म्हनाली, मावशी, रडून दाखव ना."

"मावशी, मी नाही केलं गं ते."

"तुज्याच मशीनीतशी गेलं ना?" तिने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "मंग हितंच बंद कर."

कोणत्या शब्दांत सांगावं? मी म्हटलं, ते आता हजार मोबाइलमध्ये आहे, ब्लूटूथवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातंय. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जालं टाकलेलं वोढता येतंय. ह्ये कसलं जालं?" आणि टोपली उचलून गेली.

मी मुंबईला शेठकडे गेले. त्याच्या दुकानात व्हीसीडीच्या जागी आता कॉम्प्युटर होते. तो चिडला नाही, उलट चहा मागवला. "ताई, सिनेमा कोण बघतो? मी बारा सेकंद काढून रिंगटोनवाल्याला दिले. तुम्ही नशीबवान, तुमचा माल चालला."

"ते खरं रडणं होतं," मी म्हटलं.

"म्हणून तर चालला," तो म्हणाला.

तो कागद घेऊन मी पनवेलमधल्या एका वृद्ध वकिलांकडे गेले. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू गृहस्थ. मुलं केव्हाच इस्रायलला निघून गेलेली, हे मात्र इथेच राहिलेले. त्यांनी चष्मा पुसून चारही पानं सावकाश वाचली आणि एका ओळीवर नख ठेवलं. आज आहेत ती आणि पुढे ज्यांचा शोध लागेल ती सर्व माध्यमं, पूर्ण वा तुकड्यांत, कायमची.

"बाई, यात तुमच्या हाती काही ठेवलेलंच नाही," ते म्हणाले. "त्या मासळीवाल्या बाईंनी कुठे सही केली होती का?"

"नाही."

"मग त्या तक्रार करू शकतात. पण इथे पहा, सर्व कलाकारांची लेखी संमती घेतली आहे, असं तुम्ही लिहून दिलंय. त्यांनी दावा केला तर शेठ हा कागद दाखवेल. दावा तुमच्यावर येईल."

घरी येताना ठरवलं की हे मावशीपासून लपवायचं नाही. दुसऱ्याच दिवशी मार्केटात जाऊन तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. "तुला माझ्यावर केस करावी लागेल, मावशी. तू कर. मी नाही म्हणणार नाही."

ती बोंबील साफ करत होती. हात थांबवला नाही. "तुज्यावर केस करून मना काय गावंल? येक कचेरी सुटली नाय अजून, दुसरी कशाला?" पुढचा बोंबील उचलत म्हणाली, "तू ईचारलं हुतंस. मीच हो म्हनलं." मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी जमेल ते केलं. इंटरनेटवर ते गाणं जिथे दिसेल तिथे तक्रार लिहायचे. एक निघालं की दुसऱ्या नावाने चार चढायची. टपऱ्या-टपऱ्यांवर जाऊन गाणं काढायची विनंती करायचे. एका टपरीवाल्याने खरंच माझ्यादेखत ते पुसलं, आणि आम्ही बोलत असतानाच बाकावर बसलेल्या माणसाचा फोन वाजला. तेच गाणं. टपरीवाला ओशाळला. "मॅडम, आता सांगा, मी काय करू?"

मावशीने पनवेलला यायचं सोडलं. जागा जावेला दिली आणि ती मोऱ्यातच जाळी विणायला बसू लागली. मीही पुढे सिनेमा केला नाही. तोवर कॅमेरे आणखी स्वस्त झाले होते, मोबाइलवर सिनेमा करायचे दिवस आले होते. कॉलेजातली मुलं घरी येऊन म्हणायची, ताई, तुम्ही तर आमच्या आधी सुरुवात केली, शिकवा ना. मी त्यांना लग्नाची कामं दाखवून परत पाठवायचे.

मावशीचा नवरा जाऊन सात वर्षं उलटली तेव्हा तिचा निरोप आला. सात वर्षं बेपत्ता माणूस कायद्याने मेलेला धरतात, आता दाखल्याचा अर्ज पुढे सरकेल असं कुणीतरी सांगितलं होतं, सोबत ये. आम्ही दोघी कचेरीत गेलो. टेबलामागच्या तरुण कारकुनाने अर्ज घेतला, वर पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे, तुम्ही त्याच ना? मी कुनाला ईचारू?" शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून हसू लागले. एकाने फोन काढला.

मला वाटलं ती आता उठून जाईल. तिने अर्जावर बोट ठेवलं.

"ह्यो त्योच मानूस हाय," ती शांतपणे म्हणाली. "ज्याच्यासाठी मी ईचारत हुती. हे नाव वाच."

कारकुनाने नाव वाचलं. तारीख वाचली. मग त्याने तिकडे न बघता हाताने खूण केली आणि तो फोन परत खिशात गेला. "बसा मावशी," तो म्हणाला. काम त्या दिवशी झालं नाही. कोर्टाचा कागद लागेल म्हणाला, तो कसा आणायचा हे मात्र त्याने स्वतः लिहून दिलं. दाखला मिळायला आणखी दीड वर्ष गेलं.

त्यानंतर ती पनवेलला पुन्हा बसू लागली. लोकांना तोवर हसायला दुसरं काहीतरी मिळालं होतं, तरी अधूनमधून कुणीतरी ओळखतंच. पूर्वीसारखी आरोळी ती मारत नाही. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं तरच बोलते.

गेल्या वेळी तिने विचारलं, "आख्खा सिनेमा हाय का गं तुज्याकडं? जावेच्या नातवंडांनी तेवडंच बघितलंय." होता. जुन्या हार्ड डिस्कवरून मी तो पेन ड्राइव्हवर उतरवला. कागदाप्रमाणे ही चोरीच. तिने तो कमरेच्या बटव्यात ठेवला, बटव्याची दोरी दोनदा आवळली आणि मला विचारलं, "पापलेट देऊ का? आज ताजं हाय."